सडावरील दाब : दोहनयंत्राची मोजणी

बंगळूरहून बळ्ळारी रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे हेब्बाळचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि येलहंका मागे पडतात व सुमारे ४० किलोमीटरवर देवनहळ्ळी लागते. हे गाव टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून आणि तेथील दगडी किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. २००८ पासून बंगळूरचा नवा विमानतळही याच तालुक्यात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र या परिसराचे महत्त्व निराळे आहे. येथील शेतकऱ्याच्या दारात नाचणीच्या काडावर पोसलेल्या दोन-चार संकरित गाई असतात, आणि त्यांचे दूध सकाळ-संध्याकाळ गावच्या सहकारी संस्थेत जाते. दुग्धव्यवसायाच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपराही बंगळूरला जुनी आहे. पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांचे शिक्षण देणारी सरकारी संस्था येथे १९२३ मध्ये सुरू झाली. १९२७ मध्ये गांधीजींनी तेथे जाऊन गोपालनाची माहिती करून घेतली होती. पुढे १९५५ मध्ये या संस्थेचे मुख्य केंद्र कर्नाल येथे गेले आणि बंगळूरला तिची दक्षिणेकडील शाखा राहिली.

शहर जवळ आले की धार काढणारे हात कमी होतात, आणि गाईंची संख्या चार-सहा झाली की घरातील माणसांची मनगटे भरून येतात. अशा वेळी गोठ्यात यंत्र येते. चाकांच्या गाड्यावर बसविलेली विजेची मोटर, एक पंप, दुधाची बादली, चार पेल्यांचा जुडगा आणि एक गोल तबकडी, एवढाच त्याचा पसारा असतो. तबकडीवरील काटा ४५ किंवा ५० या आकड्याजवळ स्थिरावला की यंत्र ठीक चालले आहे, असे मालक समजतो. त्याचे हे समजणे कितपत बरोबर आहे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. तबकडीवरील आकडा आणि गाईच्या सडाला, म्हणजेच आचळाला, प्रत्यक्ष सोसावा लागणारा दाब या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद न कळल्यामुळे चांगली दुभती गाय तीन सडांची होऊन बसते.

हात, वासरू आणि यंत्र

हाताने धार काढताना आपण सडाचा वरचा भाग बोटांनी बंद करतो आणि मग मूठ आवळतो. आतील दुधावरचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा वाढतो आणि सडाच्या टोकाशी असलेले छिद्र उघडून धार सुटते. यंत्राची रीत नेमकी उलट आहे. ते आतील दाब वाढवीत नाही, तर सडाबाहेरील हवा ओढून घेऊन तेथील दाब कमी करते. आत दाब अधिक व बाहेर उणा झाल्यामुळे दूध बाहेर येते. या उण्या दाबाला आपण ‘निर्वात’ म्हणू. शब्दशः पाहता तेथे संपूर्ण निर्वात नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती कमी आहे, एवढेच तबकडी सांगते.

वासरू या दोन्ही रीती एकत्र वापरते. ते तोंडात ओढ निर्माण करते, जीभ व टाळू यांमध्ये सड दाबते आणि प्रत्येक घोट गिळताना ओढ सैल करते. सडाला मिळणारी ही क्षणभराची उसंत फार मोलाची आहे. आरंभीच्या यंत्रकारांच्या ध्यानात ती आली नव्हती. स्कॉटलंडमधील विल्यम मर्चलंड यांनी १८८९ च्या सुमारास केलेले यंत्र सडाला अखंड ओढून धरी. अशा अखंड ओढीने रक्त व लसिका सडाच्या टोकाकडे साचतात, सड सुजतो आणि गाय लाथ झाडते. पुढे ओढीत खंड पाडणारे स्पंदक निघाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीस यांनी स्पंदन व दुहेरी पेला यांची यशस्वी सांगड घातली. आजची यंत्रे मूलतः त्याच तत्त्वावर चालतात.

पेल्याच्या आत काय घडते

दुहेरी पेला म्हणजे बाहेरची कठीण नळी आणि तिच्या आत ताणून बसविलेले मऊ रबरी अस्तर. सड अस्तराच्या आत असतो. अस्तर व बाहेरची नळी यांच्यामध्ये एक पोकळी राहते आणि ती स्पंदकाला जोडलेली असते. सडाखाली ओढ सतत असते, बदल होतो तो या पोकळीत. स्पंदकाने पोकळीतील हवा ओढून घेतली की अस्तराच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब होतो, अस्तर उघडे राहते आणि दूध वाहते. स्पंदकाने पोकळीत बाहेरची हवा सोडली की अस्तराच्या बाहेरील दाब आतल्यापेक्षा वाढतो. मग अस्तर सडाच्या टोकाखाली मिटते व ते टोक दाबले जाते. धार थांबते, साचलेले रक्त वर सरकते आणि सडाला उसंत मिळते.

सामान्यतः एका मिनिटात अशी सुमारे ६० आवर्तने होतात. प्रमाण ६० : ४० ठेवले असेल तर एका सेकंदातील ०.६ सेकंद दूध काढण्याचे आणि ०.४ सेकंद मिटण्याचे असतात. अस्तर पुरते मिटलेले राहण्याचा काळ निदान ०.१५ सेकंद असावा, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. यापेक्षा कमी वेळात रक्त माघारी सरकू शकत नाही.

आता थोडा हिशेब करू. एका गाईची धार सहा मिनिटे चालली तर प्रत्येक सड ३६० वेळा दाबला जातो. दोन वेळच्या धारांचे ७२० दाब होतात, आणि ३०० दिवसांच्या एका वेतात ही संख्या दोन लाखांच्या पुढे जाते. एकदाच लागला तर मुळीच जाणवणार नाही असा जादा दाब दोन लाख वेळा लागला म्हणजे काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तबकडी काय सांगते

दाबाचे माप किलोपास्कल या एककात सांगतात. जुन्या यंत्रांवर पाऱ्याचे इंच किंवा मिलिमीटर असतात. पाऱ्याचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, अर्थात सुमारे ५१ किलोपास्कल. ४५ किलोपास्कल म्हणजे सुमारे ३३८ मिलिमीटर. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून असे समजा की, ४५ किलोपास्कलच्या निर्वाताने पाणी नळीतून साडेचार मीटरांहून अधिक उंच चढते. पेल्याच्या अस्तराचा आतील व्यास २२ मिलिमीटर धरला तर तेवढ्या गोल क्षेत्रावर या निर्वाताची ओढ सुमारे पावणेदोन किलोग्रॅम वजनाइतकी होते. ती चारही सडांवर असते. यंत्राचा जुडगा हात न लावता कासेला लटकून राहतो, तो याच ओढीमुळे.

देवनहळ्ळीच्या बाबतीत येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईस हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर येथे तो सुमारे ९१ च भरतो. मग मुंबईच्या गोठ्यातील ४५ आणि देवनहळ्ळीच्या गोठ्यातील ४५ एकच मानावे काय? सडापुरते उत्तर ‘होय’ असे आहे. सडावर परिणाम करतो तो आतला व बाहेरचा यांमधील फरक, आणि तबकडी तो फरकच दाखविते. पंपापुरते उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. विरळ हवेत पंपाची मजल कमी पडते. समुद्रकिनारी ९० किलोपास्कलपर्यंत निर्वात करू शकणारा पंप येथे ८१ च्या आसपास थांबेल, आणि त्याची हवा खेचण्याची क्षमताही उणावेल. म्हणून उंचावरील गावी पंप थोडा मोठा घ्यावा लागतो. काटा खाली दिसतो म्हणून निर्वाताचा नियंत्रक आवळीत बसणे हा त्यावरील उपाय नव्हे.

जेथे सड आहे तेथे मोजणे

तबकडी पंपाजवळ असते आणि सड काही मीटर दूर, रबरी नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला. नळीतून केवळ हवा जात असेल तर दोन्हींकडील निर्वात जवळजवळ सारखा असतो. पण गाय पान्हावली आणि दुधाचा लोट आला की नळी भरते. दुधाला वर चढावे लागत असेल तर आणखी अडथळा होतो. मग तबकडीवर ४५ असताना चारही सडांचे दूध जेथे एकत्र येते त्या वाटीत ३८ च भरेल. उलट दूध संपत आले की वाटीतील निर्वात पुन्हा वाढतो. म्हणजे सड भरलेला असताना ओढ कमी आणि तो रिकामा झाल्यावर ओढ जास्त, असा उलटा न्याय येथे घडतो.

यासाठी मोजणी दोन वेळा करतात. पहिली कोरडी मोजणी. तिच्यात पेल्यांना बुचे लावून, गाईविना, पंप, नियंत्रक, तबकडी व स्पंदक तपासतात. दुसरी ओली मोजणी. प्रत्यक्ष धार चालू असताना वाटीजवळच्या दूधनळीत बारीक सुई किंवा जोडनळी बसवून, दाब नोंदविणाऱ्या उपकरणाने तेथील निर्वाताचा आलेख घेतात. दुधाचा भर असताना वाटीतील सरासरी निर्वात ३२ ते ४२ किलोपास्कल असावा, असे आंतरराष्ट्रीय मानकाचे मार्गदर्शन आहे. तबकडीचा आकडा किती ठेवावा, हे या मोजणीवरून ठरवावयाचे असते. व्यवहारात मात्र आधी तबकडी लावली जाते, आणि वाटीकडे कोणाचे लक्षच जात नाही.

अस्तराचा जादा दाब

येथवर आपण ओढ मोजली. आता मिटलेल्या अस्तराचा दाब मोजावयाचा आहे, आणि हे काम अधिक अवघड आहे. अस्तराच्या आतबाहेर ४० किलोपास्कलचा फरक असला तरी तेवढा सगळा दाब सडावर पडत नाही. त्याचा काही भाग रबर वाकविण्यातच खर्च होतो. उरलेला दाब सडावर सर्वत्र सारखा न पडता मुख्यतः टोकाशी एकवटतो. किती पडेल हे रबराची जाडी, त्याचा ताण, नळीचा आकार आणि खुद्द सडाची लांबी-रुंदी यांवर अवलंबून असते. एकाच तबकडीखाली दोन निराळी अस्तरे दोन निराळे दाब देतात.

हा दाब सडाच्या आत मोजण्यासाठी सुई खुपसणे शक्य असले तरी इष्ट नाही. म्हणून संशोधकांनी एक सरळ युक्ती योजली. दूध वाहत असताना स्पंदन थांबवून पोकळीत बाहेरची हवा राहू द्यावी. अस्तर मिटलेले असल्यामुळे दूध बंद होते. आता पोकळीतील हवा हळूहळू ओढून घ्यावी. अस्तराची पकड सैल होत जाते आणि एका क्षणी दुधाचा पहिला थेंब वाहू लागतो. त्या क्षणी पोकळीत जेवढा निर्वात असेल तेवढा अस्तराचा ‘जादा दाब’ होय. समजा तो १० किलोपास्कल निघाला. याचा अर्थ असा की, छिद्र बंद ठेवण्यास जेवढा दाब पुरेसा होता, त्याहून १० किलोपास्कल अधिक दाबाने अस्तर सडाचे टोक आवळीत होते. या रीतीत सडाचे छिद्रच मापकाचे काम करते.

दुसरी रीत कृत्रिम सडाची आहे. लवचीक पदार्थाचा सड करून त्यावर दाबाची नोंद घेणारा पातळ पापुद्रा गुंडाळतात आणि तो पेल्यात घालतात. जर्मनीत पॉट्सडाम येथील कृषी अभियांत्रिकी संस्थेत अशा प्रकारचे काम झाले आहे. निरनिराळी अस्तरे सडाच्या कोणत्या भागावर किती दाब टाकतात, याची तुलना या रीतीने सोयीची होते. मात्र कृत्रिम सडात रक्त नसते. तो सुजत नाही आणि दुखावतही नाही. म्हणून तेथील आकडे तुलनेसाठी घ्यावेत, निकालासाठी नव्हे.

जादा दाब मुळीच नको, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तो फारच कमी असेल तर साचलेले रक्त मागे सरत नाही, सडाचे टोक सुजते, छिद्र अरुंद होते आणि धार रेंगाळते. तो फार झाला तर छिद्राभोवतीची कातडी घट्ट्यासारखी कडक व खरबरीत होते. औतावर काम करणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार आहे. अशा खरबरीत कड्यात जंतूंना आसरा मिळतो, आणि तेथून ते जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या दूधमार्गातून कासेत शिरतात. शेतकरी ज्याला ‘दगडी’ म्हणतो, त्या कासदाहाची एक वाट अशी तयार होते.

खुद्द सडाची साक्ष

ज्याच्यापाशी ही उपकरणे नाहीत त्याने काय करावे? त्याने सडालाच विचारावे. पेले काढताच पहिल्या मिनिटात सड पाहावेत. सडाचा रंग धारेपूर्वी होता तसा असावा. तो तांबडा किंवा निळसर झाला असेल, टोक चपटे व कठीण लागत असेल, अथवा सडाच्या मुळाशी वळ उठला असेल, तर यंत्रात किंवा यंत्र लावण्याच्या पद्धतीत दोष आहे. मुळाशी वळ उठणे हे बहुधा अस्तराचे तोंड सडाच्या मानाने मोठे असल्याचे किंवा दूध संपल्यावरही पेले राहू दिल्याचे चिन्ह असते.

अभ्यासक एक साधे मापही वापरतात. स्प्रिंगच्या चिमट्यासारख्या उपकरणाने ते धारेपूर्वी व धारेनंतर सडाच्या टोकाची जाडी मोजतात. समजा आधी जाडी १० मिलिमीटर होती आणि नंतर १०.७ झाली, तर वाढ सात टक्के होते. वाढ किंवा घट पाच टक्क्यांहून अधिक असेल तर ते धोक्याचे लक्षण मानतात. वाढ झाली तर सूज आली असे समजावे, घट झाली तर दाब अधिक पडला असे समजावे.

छिद्राभोवतीच्या कड्याची तपासणी याहूनही सोपी आहे. कडे नाही, गुळगुळीत कडे, खरबरीत कडे आणि फार खरबरीत कडे अशा चार पायऱ्या कल्पून प्रत्येक सडाची नोंद करावी. मोठ्या कळपात शंभरांतील वीसहून अधिक सड शेवटच्या दोन पायऱ्यांवर आढळले तर यंत्राची तपासणी तातडीने करावी, असा संकेत आहे. चार गाईंच्या गोठ्यात सड सोळाच असतात, त्यामुळे तेथे टक्केवारीवर विसंबू नये. दर महिन्याची नोंद वहीत ठेवून मागील महिन्याशी ताडून पाहणेच योग्य.

आणखी एक मापक प्रत्येकापाशी आहे, आणि ते म्हणजे त्याचा अंगठा. यंत्र चालू करून अंगठा पेल्यात घालावा आणि दोन मिनिटे तसाच ठेवावा. आळीपाळीने आवळणे व सैल होणे स्पष्ट जाणवले पाहिजे. नुसतीच ओढ जाणवत असेल तर स्पंदक बिघडला आहे किंवा अस्तर मिटत नाही. अंगठ्याने आकडा कळत नाही हे खरे, परंतु जे आपल्या अंगठ्याला सोसवत नाही ते सडाला लावू नये, एवढे निश्चित कळते.

मोजणीनंतरचे काम

मोजून दोष कळला तर उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतात. रबरी अस्तर साधारणतः २५०० धारांनंतर बदलावे असे सांगतात. एका जुडग्यावर दहा गाई दोन्ही वेळा पिळल्या जात असतील तर ही मुदत १२५ दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत भरते. दोन गाईंच्या घरी हाच हिशेब ६२५ दिवसांवर जातो. पण रबर केवळ वापराने जुने होत नाही. दुधातील स्निग्धांश, धुण्याचा सोडा, ऊन आणि काळ हेही त्याला फुगवितात व ताठ करतात. म्हणून धारा थोड्या झाल्या तरी वर्षानुवर्षे तेच अस्तर ठेवू नये. नियंत्रकाची जाळी धुळीने भरली की निर्वात वाढतो. ती दर आठवड्याला झटकावी.

धारेची रीतही मोजणीइतकीच महत्त्वाची आहे. कास धुऊन, पुसून, पहिल्या दोन धारा वेगळ्या काढून गाय पान्हावल्यावरच पेले लावावेत. दूध थांबले की निर्वात आधी बंद करावा आणि मगच पेले उतरवावेत, ते ओढून काढू नयेत. दूध संपल्यावरचे प्रत्येक मिनिट म्हणजे रिकाम्या सडावर ६० आघात होत. धारेनंतर दूधमार्ग पुरता मिटण्यास अवधी लागतो. तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी. देवनहळ्ळीकडे नाचणीचे काड असेल, आपल्याकडे ज्वारीचा कडबा असेल. गाय अर्धा तास खात उभी राहिली म्हणजे झाले.

वाचकाला वाटेल की, एवढ्याशा अवयवासाठी इतकी मोजमापे कशाला? परंतु चार-दोन गाईंवर घर चालविणाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. एक सड कायमचा गेला म्हणजे कासेचा चौथा हिस्सा गेला, आणि बाजारात गाईची किंमत त्याहून अधिक पडते. औषधोपचार चालू असताना दूध संस्थेत घालता येत नाही, तो तोटा वेगळाच. गाय ओरडून सांगत नाही. ती पाय उचलते, पान्हा चोरते, यंत्राचा आवाज ऐकताच शेण टाकते. आपण तिला द्वाड ठरवितो आणि तबकडीकडे बोट दाखवून यंत्र ठीक असल्याचे सांगतो. तबकडी खोटे बोलत नाही, हे खरे. मात्र ती पंपाची बातमी सांगते. सडाची बातमी हवी असेल तर सडाशीच मोजले पाहिजे, आणि मोजण्याचे साधन नसेल तर निदान दिवसातून दोनदा खाली वाकून पाहिले पाहिजे.